वीस तारखेनंतरचा समुद्र

मी सोलापूरची आणि मी सर्फिंग करते, हे सांगितलं की लोकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. एक म्हणजे कुठं करतेस, आणि दुसरा, वेळ कधी मिळतो गं तुला. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, कोकणात, गोव्याच्या टोकाला, आणि पावसाळ्यात जमलंच तर चेन्नईकडं. दुसऱ्याचं उत्तर एका वाक्यात कधीच देता आलं नाही मला, म्हणून म्हणलं नीट लिहूनच काढावं, कारण चार वर्षं गेलीत ते शिकण्यात आणि बोर्डवर उभं राहण्यापेक्षा तेच शिकणं जास्त अवघड गेलंय.

माझं वय ३९. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. नवऱ्याचं टू-व्हीलर स्पेअर पार्टचं दुकान आहे, लेक सातवीत, धाकटा तिसरीत, आणि सासूबाई आमच्याजवळ असतात. सासूबाईंचं माहेर शिरोडा, तिथं अजून त्यांच्या भावाचं घर आहे, वेळागरच्या समुद्रापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. लग्न होऊन त्या सोलापुरात आल्या त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. हे आधीच सांगते कारण त्या नसत्या तर यातलं काहीच झालं नसतं.

डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या भाच्याच्या लग्नाला आम्ही सगळे शिरोड्याला गेलो होतो. लग्न झाल्यावर एक दिवस मोकळा होता, म्हणून तेरेखोलच्या फेरीबोटीनं केरीला उतरून गोव्यात हरमलला गेलो. तिथं बीचवर शिकवणारी पोरं बोर्ड मांडून बसलेली. पोहता मला लहानपणापासून येतं, मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेली मी, त्यामुळं पाण्याची भीती नव्हती. नऊ फुटी फोमचा बोर्ड, पायाला लीश, म्हणजे बोर्डाची दोरी, बांधलेली, कमरेएवढं पाणी. लाट फुटून पांढरा फेस होऊन आली की तो मुलगा मागनं बोर्ड ढकलायचा आणि ओरडायचा, उठा. सहाव्या का सातव्या वेळी मी उभी राहिले. तीन सेकंद असतील, फार तर चार. आमच्या कारखान्यात यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहिलं की जमिनीतनं तळपायाला एक थरथर येते, ती मला रोजची ओळखीची. बोर्डवर अगदी तशीच थरथर आली पायाला, फक्त खाली जमीन नव्हती, पाणी होतं आणि ते मला घेऊन चाललं होतं. त्या रात्री झोप आली नाही. तेव्हाच ठरलं की हे परत करायचं.

आणि मग सोलापूर. परत आल्यावर जानेवारीत पाहुणे, मग मार्चएंड, मग पोरांच्या परीक्षा. पाच महिने समुद्र नाही. मेच्या शेवटी माझ्या डोक्यात एवढं बसलं की आत्ता नाही गेले तर पावसाळा लागेल आणि थेट ऑक्टोबर उजाडेल. एका शुक्रवारी कामावरनं घरी आले, नवऱ्याला म्हणलं मी आणि मैत्रीण गोव्याला चाललोय, रविवारी रात्री येते. रात्रभर गाडी चालवली, मंगळवेढा, सांगोला, मिरज, मग निपाणी, आजरा, आंबोली. सकाळी सातला पोचलो, डोळे उघडेना म्हणून जरा आडवं पडलो आणि उठलो ते साडेअकराला. तोपर्यंत समुद्राचं सगळं रूप बदललेलं. एक तर पावसाआधीचा समुद्र, लाटा मोठ्या आणि कशाही येणाऱ्या, त्यात दुपारचा वारा सुटलेला. पाऊण तास मार खाल्ला नुसता, एकदाही उभी राहिले नाही, शेवटी शिकवणाऱ्यानंच बाहेर बोलावलं. दुसऱ्या दिवशी लाल बावटा लावलेला, पाण्यात जायचंच नाही. आठशे किलोमीटरची गाडी आणि पाऊण तास.

घरी आले तर धाकट्याला ताप. शनिवारी दुकानात सगळ्यात जास्त गिऱ्हाईक असतं, नवऱ्यानं त्या दिवशी दुकान बंद ठेवून त्याला दवाखान्यात नेलेलं. तो चिडला नव्हता, आवाज पण चढवला नाही. एवढंच म्हणाला, "तू गेलीस त्याचं मला काही नाही. पण माझा शनिवार तू मला न विचारता घेतलास."

हे वाक्य मला कितीतरी दिवस टोचलं, कारण ते खरं होतं. मी आपली म्हणत होते, मला वेळ मिळत नाही, मला वेळ काढायला पाहिजे. पण आमच्यासारख्या घरात वेळ कुठं पडून नसतो काढायला. माझे दोन दिवस म्हणजे कुणाचा तरी स्वयंपाक, कुणाचा अभ्यास, कुणाचं दुकान. तो घ्यायचा तर आधी विचारून घ्यायचा आणि परत पण करायचा. तिथनं पुढं सगळं बदललं.

आधी आम्ही दोघं बसून बोललो. नवरा दरवर्षी आषाढीला माळशिरसपासून पंढरपूरपर्यंत पालखीबरोबर चालतो, ते दिवस मी एकटी घर बघते आणि लग्नापासून मला कधी ते ओझं वाटलं नाही, कारण आधीपासून माहिती असतं, कधी जाणार, कधी येणार. मी म्हणलं मला पण तसे दिवस पाहिजेत, ठरलेले, वर्षातनं चार वेळा, तीन-तीन दिवस. तो हो म्हणाला. एकच अट, पंधरा दिवस आधी सांगायचं आणि शनिवारी दुकानाच्या वेळेत पोरांचं बघायला कुणीतरी पाहिजे. आमच्या जाऊबाई सम्राट चौकाकडं राहतात, त्यांच्या पोरांना मी वर्षभर रविवारी गणित शिकवते, त्या बदल्यात माझ्या शनिवारी माझी पोरं त्यांच्याकडं. चार वर्षांत त्या एकदाही नाही म्हणाल्या नाहीत, आणि मी पण त्या पोरांचा एक रविवार बुडवला नाही, प्रवासातला सोडून.

मग तारखा. अकाउंट्सवाल्यांना सांगायला नको, आमचा महिना कसा असतो. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-वन, १५ ला पीएफ, २० ला थ्री-बी, म्हणजे जीएसटीचंच दुसरं रिटर्न. म्हणजे वीस तारीख होईपर्यंत मान वर करायची सोय नाही. एकवीस ते महिनाअखेर हा माझा काय तो मोकळा पट्टा, त्यातनं मार्च गेला, सप्टेंबर ऑडिटमध्ये गेला, आणि शाळेच्या परीक्षा आल्या की तेही दिवस गेले. स्वयंपाकघरात कालनिर्णय लावलेलं असतं त्यावर मी लाल पेनानं माझ्या तारखा, निळ्यानं शाळेच्या आणि हिरव्यानं पाण्याचा वार लिहायला लागले. सोलापूरकरांना पाण्याचा वार समजावून सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी, आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसाआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी टाकी, बॅरल, हंडे सगळं भरून झाल्याशिवाय घरातली बाई कुठं हलू शकत नाही.

हे रंगवत बसले असताना सासूबाईंनी बघितलं. म्हणाल्या, काय करायलीस. सांगितलं, आई, असं असं. त्या कॅलेंडरजवळ आल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, तू तारखा बघतेस, तिथी कोण बघणार?

मला खरंच माहिती नव्हतं. त्यांच्या माहेरी सगळ्यांना तोंडपाठ असलेलं गणित त्यांनी मला तिथं गॅससमोर उभं राहून शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असली तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. अष्टमी असली तर सहा वाजता. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. रोज भरती पाऊण तासानं पुढं सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा येतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी वर पण लई चढतं आणि खाली पण लई उतरतं, आणि अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. हा हिशोब मुंबईकडं बरोबर लागतो, शिरोड्याला अर्धा-पाऊण तास आधी धरायचा, असं त्या म्हणाल्या. मी नंतर कितीतरी वेळा मोबाईलवरच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून बघितलं. वीस-पंचवीस मिनिटं इकडं तिकडं, पण बसतं. समुद्रापासून चारशे किलोमीटरवर पंचेचाळीस वर्षं राहून त्यांच्या डोक्यात भरती-ओहोटी चालूच होती आणि इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी त्यांना ते विचारलंच नव्हतं. मला आजही ते आठवलं की भरून येतं.

माझ्यासारखीला भरती एवढी का महत्त्वाची, तर मी जिथं शिकते तिथं पूर्ण भरतीला लाट एकदम किनाऱ्याच्या उतारावर येऊन आपटते, उभं राहायला वेळच देत नाही, आणि पूर्ण ओहोटीला पाणी लांब गेलेलं असतं. ओहोटी होऊन गेली आणि पाणी चढायला लागलं की पुढचे दोन-तीन तास लाट लांबून फुटत सावकाश येते. तो वेळ सकाळचा असला तर सोनं. कारण सकाळी वारा साथ देतो. शाळेत भूगोलात शिकलेलो बघा, खारे वारे आणि मतलई वारे, मार्क मिळवून विसरून गेलो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर गार होते म्हणून पहाटे वारा जमिनीकडनं समुद्राकडं जातो, तो मतलई. तो लाटेला समोरून धरून ठेवतो, लाट गुळगुळीत उभी राहते. उन्ह चढलं की जमीन तापते आणि उलटं होतं, खारा वारा सुटतो आणि पाणी खडबडीत होतं. २०२२ च्या मेमध्ये मी साडेअकराला उठले तेव्हा नेमकं हेच झालेलं. आता आम्ही रात्रीचा प्रवास करतच नाही. शुक्रवारी दुपारी निघायचं, रात्री शिरोड्याला मामांकडं जेवून झोपायचं आणि सकाळी पहिल्या फेरीनं पलीकडं.

निघायच्या आठवडाभर आधी मोबाईलवर लाटांचा अंदाज बघते, आणि हैदराबादच्या इन्कॉईसचा, म्हणजे समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा, इशारा असला तर तो आधी. नुसती लाटेची उंची बघून उपयोग नाही हे उशिरा कळलं. दोन लाटांमधला वेळ किती ते बघायचं. बारा-चौदा सेकंद असेल तर ती लाट लांबून, खाली दक्षिणेच्या महासागरातनं आलेली, तीन फुटाची असली तरी जोर मोठा. सहा-सात सेकंद असेल तर जवळच्या वाऱ्यानं उठवलेली, नुसती खळबळ. अंदाज वाईट असला तर जात नाही. दोनदा असं ठरलेलं रद्द केलं, गाडीत पेट्रोल भरून झालेलं तरी. मग तो हक्काचा दिवस घरात देऊन टाकायचा, पोरांना घेऊन किल्ल्यात नाहीतर सिद्धेश्वर तलावावर जायचं, तोंड पाडून बसायचं नाही.

राहिले वर्षाचे बाकीचे साडेतीनशे दिवस. सुरुवातीला दर वेळी समुद्रावर गेले की पहिला दिवस नुसता आठवण्यात जायचा आणि दंड दुसऱ्या दिवशी वर उचलायचे नाहीत. सर्फिंगमध्ये उभं राहणं अगदी थोडं असतं, बहुतेक वेळ पालथं पडून हातानं पाणी मारायचं असतं, आणि ते सोलापुरात राहून तयार होऊ शकतं. आठवड्यातनं तीन दिवस सकाळी सहाला पोहण्याच्या तलावावर लेडीज बॅच, पाऊण तास फक्त फ्रीस्टाईल. पाण्याच्या वारी नाही. गच्चीवर चटईवर बोर्डएवढी खडूची रेघ मारलेली आहे, त्यावर पालथं पडायचं, छातीजवळ हात टेकवून एका झटक्यात दोन्ही पाय खाली आणायचे, गुडघा टेकवायचा नाही. रोज वीस वेळा, कपडे वाळत घालायला वर जाते तेव्हाच. वेगळा वेळ काढला असता तर एक महिना टिकलं नसतं. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, तेव्हा गच्चीवर सकाळी सातच्या आतच. शेजारच्या काकू आधी बघायच्या, आता त्यांची नात पण माझ्याबरोबर उड्या मारते.

पाण्यातला एक प्रसंग सांगायलाच पाहिजे. नोव्हेंबर २०२३. मी तेव्हा पांढऱ्या फेसातनं थोडी पुढं, न फुटलेल्या लाटेपर्यंत जायला लागले होते. एका जागी पाणी शांत दिसलं, लाटा फुटतच नव्हत्या, म्हणलं इथनं आत जाणं सोपं. दोन मिनिटांत मागं बघितलं तर किनारा लांब गेलेला. ती ओढ होती. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला जिथनं वाट काढतं, तिथं लाटा फुटत नाहीत आणि म्हणून नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. मी पाच मिनिटं सरळ किनाऱ्याकडं हात मारत राहिले आणि जागची हलले नाही. मग डोक्यात आलं ते शिकवलेलं, ओढीशी भांडायचं नाही, किनाऱ्याला समांतर जायचं, बोर्ड सोडायचा नाही. पन्नास-साठ मीटर आडवी गेले तेव्हा सुटले आणि लाटेनंच बाहेर आणलं. वाळूवर बसून पहिला विचार धाकट्याचा आला. रात्री शिरोड्याहून सासूबाईंना फोन केला, लपवलं नाही. त्या माहेरच्यांशी बोलतात तसं माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या, "दर्याक पाठ करू नको गो." जाऊ नको नाही म्हणाल्या. त्या दिवसापासून पाण्यात उतरायच्या आधी दहा मिनिटं नुसती उभी राहून बघते, कुठं फुटतंय, कुठं फुटत नाही. आणि एकटी कधीच उतरत नाही.

चेन्नईचं तर डोक्यातच आलं नव्हतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडचा समुद्र खवळलेला, शिकाऊ माणसानं उतरायचंच नाही. पण सोलापूर मुंबई-चेन्नई लाईनवर आहे. कलबुर्गी, वाडी, रायचूर, गुंतकल, रेणिगुंटा करत गाडी थेट चेन्नईला, चौदा-पंधरा तासात. पुढं कोवळम चाळीस किलोमीटर (केरळचं नाही, चेन्नईजवळचं). आपल्या पावसाळ्यात तिकडच्या किनाऱ्यावर सकाळचा वारा जमिनीकडनं असतो आणि लाटा चांगल्या मिळतात. जुलै २०२४ मध्ये थ्री-बी भरलं आणि एकवीस तारखेला लेकीला घेऊन गाडीत बसले. तिची दोन दिवस शाळा बुडाली, त्यावरून घरात चर्चा झाली, पण नवरा म्हणाला जाऊ दे. बरोबर कडक भाकरी, शेंगाचटणी. तिथं शिकवणारी पोरं कोळ्यांची, समुद्रात वाढलेली, मराठी-हिंदी फारशी नाही, पण आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू, त्यामुळं लेक त्यांच्याशी तेलुगूत बोलली आणि त्यातल्या एकाला ती येत होती. पहिल्याच दिवशी लेक उभी राहिली. मी शेजारच्या लाटेवर होते आणि आम्ही दोघी एकाच वेळी एकाच दिशेनं किनाऱ्याकडं आलो. चार वर्षांतला तोच दिवस मला सगळ्यात प्रिय आहे.

तेव्हापासनं घरात मी एकटी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला सर्फिंगची आशियाई स्पर्धा झाली, आपल्या भारताच्या रमेश बुदिहाळनं ब्राँझ जिंकलं, तेव्हा लेक मोबाईल घेऊन आजीला दाखवत होती आणि आजी लाटेकडंच बघत होत्या.

सगळं सुरळीत असतं असं मात्र नाही. २०२५ चा जानेवारी ते मे मिळून मला एकच दिवस मिळाला. आधी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग ऑफिसातला एक माणूस सोडून गेला आणि त्याचं काम माझ्यावर. मेमध्ये ठरलेले तीन दिवस मीच सोडले, कारण दुकानाचं शिफ्टिंग निघालं आणि नवऱ्याला एकट्याला जमण्यासारखं नव्हतं. वाईट वाटलं, खोटं का बोला, रात्री गच्चीवर जाऊन रडले पण. पण चटईवरचे वीस चुकवले नाहीत, आणि ऑक्टोबरच्या शेवटी पाण्यात उतरले तेव्हा अंगाला सगळं आठवत होतं. भिशी सोडली, रात्रीच्या मालिका सोडल्या, स्वतःचा बोर्ड घ्यायचा विचार पण सोडला, कारण आठ फूट ठेवायचा कुठं, आणि भाड्यानं मिळतोच. या कशाचं मला काही वाटत नाही. ते तीन दिवस सोडल्याचं अजून वाटतं.

आता पुढची खेप २२ नोव्हेंबर, शनिवार. मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, म्हणजे भरती दीडला, शिरोड्याला एकच्या आसपास. ओहोटी सातच्या आत, म्हणजे आठ ते दहा पाणी चढतं आणि मतलई पण असणार. थ्री-बी गुरुवारी भरून होईल. या वेळी सासूबाई पण येणार आहेत, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासनं त्यांनी समुद्र बघितलेला नाही. वाळूवर खुर्ची टाकून बसणार म्हणाल्यात, त्यासाठी फोल्डिंगची खुर्ची काल नवी पेठेतनं आणली. शुक्रवारी पाण्याचा वार आहे, टाकी भरली की बाराला निघायचं.